कर्ज किती, हे लिहिलंच नव्हतं

दुपारी शिवाजीनगर कोर्टातून ऑफिसात आलो तर ताई जिन्यातच उभ्या. शाळेत शिकवतात. वाघोलीकडचा एन.ए. म्हणजे बिगरशेती प्लॉट 60 लाखांना ठरलेला, 6 लाख विसार म्हणून आगाऊ दिलेला, साठेखत, म्हणजे खरेदीखताआधीचा करार, नोंदवलेलं. हातात बँकेचं मंजुरीपत्र होतं आणि चेहरा पार पडलेला.

"सर, 32च दिले."

हवे होते 45. बँकेच्या व्हॅल्युअरने प्लॉटची किंमत 46 लाखच धरली आणि कर्ज त्या हिशोबात बसवलं.

मी साठेखत उघडलं. '45 दिवसांत कर्ज मंजूर न झाल्यास लिहून घेणार यांना व्यवहार रद्द करून विसार परत मागता येईल.' लिहून घेणार म्हणजे ताई. पण किती कर्ज? एक अक्षर नाही. मसुदा माझाच, जुन्या साठेखतावरून नावं आणि गट नंबर बदलून काढलेला. ताईंना तेव्हाच सांगून टाकलं. तो 43वा दिवस होता.

प्लॉटवाल्या काकांना फोन लावला. "कर्ज मंजूर झालंय ना, वकीलसाहेब? मग उरलेले भरा. नाहीतर विसार गेला." शब्द धरून बसलं तर त्यांचं खोटं नव्हतं. पैसे जुळले नाहीत की व्यवहार आपोआप मोडतो, असं ताईंना वाटत होतं. तसं नसतं. साठेखतात कर्जाची अट नसेल तर कायदा ती आपल्या पदरची घालत नाही. आणि खराखुरा विसार जप्त करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्येही सांगितलेलं.

मग पुन्हा पहिल्या पानापासून वाचत गेलो. चौथ्या पानावर भरण्याच्या तक्त्यात एक ओळ सापडली: 'रु. 45,00,000/- बँकेच्या कर्जाद्वारे, खरेदीखताच्या वेळी.' ज्युनिअरने ताईंच्या चिठ्ठीवरून उतरवून घेतलेली. जीव भांड्यात पडला. कर्ज म्हणजे हे 45 लाखांचं कर्ज, असं धरून नोटीस लिहिली, मंजुरीपत्राची प्रत जोडली. सिटी पोस्टातून स्पीड पोस्ट, शिवाय व्हॉट्सॲप. पावतीची चार घड्यांची पुडी करून ताईंनी पर्सच्या चोरकप्प्यात ठेवली.

आठ दिवसांनी काका स्वतःच आले. नोटिशीला ते बधले असतील असं मला वाटत नाही. त्यांना दुसरं गिऱ्हाईक मिळालं होतं, आणि त्याच्या बँकेने प्लॉटचे नोंदवलेले दस्त तपासले, त्या सर्च रिपोर्टमध्ये आमचं साठेखत आलं. नोंदवलेला दस्त नुसत्या नोटिशीने पुसला जात नाही. रद्दलेख हवा, त्यावर ताईंची सही हवी. बराच वेळ घासाघीस झाली. सहापैकी साडेपाच लाख परत देण्यावर काका थांबले, ताईही दमल्या होत्या.

हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात आधी डिमांड ड्राफ्ट ताब्यात घेतला, मग अंगठे झाले. बाहेर उसाचा रस पिताना ताईंनी विचारलं, "सर, तुमची फी?"

"रसाचे तुम्ही द्या," म्हटलं.