पतंगाची दोरी

आज सिंगापूरच्या नॅशनल गॅलरीत गेले. खरं कारण बाहेरचा उकाडा. पण चिनी चित्रकार वू ग्वानचुंगच्या चित्रांपाशी पाय अडकले ते अडकलेच.

जवळून पाहिलं तर नुसता शाईच्या रेघांचा गुंता, मधेच लाल-हिरवे ठिपके. चार पावलं मागे सरकले आणि गुंत्यातून डोंगर उभा राहिला! पुन्हा जवळ गेले, पुन्हा मागे आले. तिथला सुरक्षारक्षक गालातल्या गालात हसत होता.

हा माणूस १९४७ ला पॅरिसला शिकायला गेला आणि १९५० मध्ये चीनला परतला. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत स्वतःचीच चित्रं नष्ट करावी लागली. पुढे खेड्यात मजुरीला पाठवलं, तर शेणखताची टोपली ईझल म्हणून, म्हणजे चित्र टेकवायला वापरली! शाईकडे तो मुख्यतः वळला त्यानंतर, पन्नाशीत.

चित्र कितीही अमूर्त होवो, पतंगाची दोरी तुटू नये, असं तो मानायचा. दोरी म्हणजे माती, माणसं. त्याने २००८ मध्ये ११३ चित्रं सिंगापूरला देऊन टाकली.

मला आपले अमूर्त चित्रकार गायतोंडे आठवले. त्यांनी दोरी सोडली होती की काय? संध्याकाळपासून नवऱ्याशी यावरच वाद चाललाय, भाजी करपली.