कस्टममध्ये अडकलेला घडीचा चाकू: माझा अनुभव

परदेशातून घडीचा चाकू मागवणार असाल तर विकणाऱ्याने पार्सलवर काय लिहायचं ते आधी ठरवा, कुठला चाकू घ्यायचा ते नंतर. पार्सलवर नुसतं ‘नाइफ’ असं लिहून आलं की पुढे काय होतं ते मी भोगलंय. माझ्या चाकूच्या पात्याची लांबी अडीच इंचांच्या आसपास. माझ्या स्वयंपाकघरातली कांदा चिरायची सुरीसुद्धा त्याहून मोठी आहे. तरीही एका टेबलावर मला विचारलं गेलं, “मॅडम, शस्त्र परवाना आहे का?”

मुळात हा चाकू कशाला हवा होता, ते सांगते. मी चाकू जमवते. सुरुवात अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, कलमाच्या चाकूंपासून झाली. रत्नागिरीकडे आमची बाग आहे. आंब्याची कलमं बांधायचा सरळ धारेचा चाकू वेगळा, डोळे भरायचा वेगळा, त्याच्या मागच्या टोकाला साल उचलायची चपटी जीभ असते, आणि छाटणीचा तर चोचीसारखा आत वळलेला. पुण्याला आल्यावर बुधवार-रविवारचा जुना बाजार सापडला, मुंबईला गेले की चोर बाजार. जमवणारे बहुतेक जण कंपनीच्या नावामागे धावतात. मी पात्यामागे. मूठ बदलता येते, खोटा छाप मारता येतो, पण पात्याचा आकार कुठल्या ना कुठल्या कामासाठी ठरलेला असतो आणि ते काम कळलं की निम्मी ओळख पटते.

शीप्सफूट पात्याची धार सरळ असते आणि पाठ टोकाशी खाली वळते, त्यामुळे भोसकणारं टोकच उरत नाही. डुलणाऱ्या जहाजावर दोर कापणाऱ्या खलाशांना ते सोयीचं. वॉर्नक्लिफ त्याचाच भाऊबंद, पण त्याची पाठ बुंध्याकडूनच हळूहळू उतरत जाते आणि टोक अणकुचीदार राहतं. क्लिप पात्याची पाठ टोकाजवळ तासून काढल्यासारखी आत गेलेली, म्हणून टोक बारीक. स्पिअर दोन्ही बाजूंनी सारखं निमुळतं. पेन म्हणजे त्याचीच छोटी आवृत्ती, पिसाच्या लेखण्या तासण्यावरून नाव पडलं. आणि स्पे: बोथट, गोलसर टोकाचं, गुराढोरांच्या खच्चीकरणासाठी केलेलं, चुकून टोक खुपसू नये म्हणून. ओपिनेलचं पातं आणखी निराळं, टोकाशी किंचित वर उचललेलं. तो चाकू फ्रान्सच्या साव्वा भागात १८९० पासून बनतोय. त्याच्या बुंध्याशी फिरणारं कडं असेल तर नग १९५५ नंतरचा, कारण ते कडं त्या साली आलं. तारखा लावायला अशा खुणा फार उपयोगी. पात्यावर ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ असं देशाचं नाव असेल तर तो नग बहुधा १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं आणि इंग्लंडातल्या शेफिल्डच्या आणि जर्मनीतल्या झोलिंगेनच्या चाकूवाल्यांना ते छापावं लागलं. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्सच्या चाकूवर चांदणी आणि माल्टीज क्रूस शोधायचा, आणि शेजारी व्ही. आर. आहे की जी. आर. ते बघायचं: पहिलं व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, म्हणजे १९०१ पर्यंतचं, दुसरं जॉर्ज राजांच्या काळातलं, बहुधा १९१० नंतरचं.

तर जुन्या बाजारात मला एक तीन पात्यांचा चाकू मिळाला होता. छाप घासून गेलेला, मूठ तडकलेली. स्टॉकमन जातीचा वाटत होता. स्टॉकमनमध्ये सहसा एक क्लिप, एक शीप्सफूट आणि तिसरं स्पे किंवा पेन. पण याची पाती वर्षानुवर्षं सहाणेवर घासून अर्धी झाली होती. क्लिपचं पोट, म्हणजे धारेचा फुगवटा, गेला की ते पेनसारखं दिसतं, स्पेचं बोथट टोक कुणी घासून टोकदार केलं की काहीच सांगता येत नाही. पुस्तकातली चित्रं इथे कामाची नाहीत. शेजारी ठेवायला तोच नमुना, न झिजलेला, हातात लागतो.

म्हणून अमेरिकेतल्या केस कंपनीचा पिवळ्या मुठीचा ३३१८ मागवला. केसचे आकडे वाचता आले की कोडं सुटतं: पहिला ३ म्हणजे पिवळी कृत्रिम मूठ, दुसरा ३ म्हणजे तीन पाती, १८ हा नमुन्याचा क्रमांक. मिटलेला चाकू ३ पूर्णांक ५/८ इंचांचा. नवाकोराच घेतला, कारण वापरलेल्या मालाच्या आयातीचे नियम अधिक किचकट. शिंगाच्या मुठीचाही घेतला नाही. तुम्हीही घेऊ नका, सांबराच्या शिंगासारखं काही दिसलं की वन्यजीव कायद्याचा वेगळाच अध्याय उघडतो.

पैसे भरले, पार्सल निघालं, मुंबईत पोचलं. इथवर तक्रार नाही.

मग ट्रॅकिंगवर ‘कस्टमने रोखले’ असं आलं आणि ते तसंच राहिलं. काही आठवड्यांनी पत्र: बिल, पैसे भरल्याचा पुरावा, आधार, पॅन, आयातीचं कारण. सगळं पाठवलं. कारणात ‘वैयक्तिक संग्रह’ लिहिलं. पुन्हा शांतता. शेवटी पुण्याहून पहाटेची गाडी धरून गेले.

त्या कार्यालयाचं नाव मी लिहीत नाही. खिडकीवरच्या गृहस्थांनी नंबर टाकला, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, “हे एक्स-रेमध्ये अडकलंय. तीन पाती आहेत.”

“हो, तीनच असतात त्याला.”

“म्हणजे तीन हत्यारं?”

मला हसू आलं, त्यांना आलं नाही. त्यांनी आतल्या साहेबांकडे पाठवलं. साहेब सभ्य होते, त्यामुळे जास्तच राग आला. त्यांच्या कागदावर एक्स-रेची प्रत लावलेली: मिटलेल्या चाकूची काळी आकृती, तिन्ही पाती एकावर एक चढलेली, पाठीला एक जाड रेघ. त्या रेघेवर त्यांनी बोट ठेवलं. “ही स्प्रिंग आहे ना? स्प्रिंगचा चाकू चालत नाही. रामपुरीसारखाच की.”

रामपूरवाल्यांनी २०२३ साली आपल्या गावच्या चौकात वीस फुटी चाकू उभारलाय. या साहेबांना तो दाखवून आणावा, असं मनात आलं. स्प्रिंग आहे, पण ती उलट कामाची आहे, हे मी हात हलवून सांगत होते. खटक्याच्या चाकूत स्प्रिंग पात्याला बाहेर ढकलते, बटण दाबलं की पातं उसळतं. यात मात्र पाठीची पट्टी पात्याच्या बुंध्यावर दाबून बसते आणि पातं मिटलेलं असो की उघडं, त्याला जागच्या जागी धरून ठेवते. उघडायचं तर तिच्या विरुद्ध जोर लावून, खाचेत नख घालून ओढावं लागतं. “उघडून बघा ना,” मी म्हटलं. पार्सल उघडायला आणखी एका साहेबांची सही लागणार होती, आणि ते साहेब रजेवर होते.

“तुम्ही असं करा, पोलिसांचं ना हरकत पत्र आणा. आम्ही लगेच सोडतो.”

इथून जे सुरू झालं त्याने माझा हिवाळा खाल्ला. पुण्यात आमच्या चौकीत गेले. त्यांनी परवाना शाखेत पाठवलं. परवाना शाखेतल्या बाई एकदम मुद्द्याच्या होत्या. मोबाईलवरचा फोटो बघितला, लांबी विचारली आणि म्हणाल्या, “याला परवाना लागत नाही. जे लागतच नाही त्याचा दाखला मी कुठल्या फॉर्मवर देऊ?” त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. मुंबईला जाऊन सांगितलं. “मग लागत नाही असं लेखी आणा.” पुन्हा पुणे. “असं पत्र आम्ही देत नाही, ताई.” पुन्हा मुंबई. तिथे टेबल बदललेलं, नव्या माणसाला तीन पात्यांपासून सगळं पहिल्यापासून.

“पण मॅडम, तुम्हाला कशाला हवाय हा?” प्रत्येक टेबलावर हा प्रश्न. माझ्या जागी एखादा मिशीवाला असता तर विचारला असता का, कोण जाणे. एकाने तर सुचवलं, “सोडून द्या ना, इथे दुसरा घ्या.” इथे दुसरा मिळत नाही म्हणून तर मागवला, बाबा!

गाडीत बसून मी शस्त्र कायदा वाचून काढला, आणि हे सगळ्यांनी एकदा वाचावं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शस्त्राच्या व्याख्येतूनच निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तू वगळल्यात, लाठी आणि साधी काठी ही उदाहरणं तिथेच दिलीत. २०१६ च्या नियमांच्या अनुसूचीत पाचव्या वर्गात तलवारी, खंजीर, भाले यांच्याबरोबर चाकू येतात, पण नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे, आणि त्यातूनही घरगुती, शेती, वैज्ञानिक, औद्योगिक कामाचे वगळून. साहेबांच्या डोक्यातली ‘स्प्रिंगची’ गोष्ट बहुधा दिल्ली प्रशासनाच्या १९८० च्या अधिसूचनेतून आलेली. तिच्यात येतात ते खटक्याचे, गरारीचे, बटणाचे, म्हणजे यांत्रिक युक्तीने उघडणारे चाकू, पातं ७.६२ सेंटिमीटर किंवा जास्त लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा जास्त रुंद. एक तर ती दिल्लीपुरती, दुसरं म्हणजे माझं सगळ्यात मोठं पातं साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास.

मग मी तोंडी बोलणं बंद केलं. एक अर्ज टाइप केला. वर वस्तूचं कस्टमच्या दरपत्रकातलं वर्गीकरण: ८२११ ९३, म्हणजे स्थिर नसलेल्या पात्याचे चाकू. तलवारी-संगिनींचं शीर्षक ९३०७ आहे आणि ते इथे का लागू नाही, हे दोन ओळींत. खाली तीन पात्यांची तीन चित्रं, प्रत्येकाखाली नाव, लांबी, रुंदी, काम. क्लिप: फळ सोलणं, दोर कापणं. शीप्सफूट: लाकूड तासणं, टोक नाही. स्पे: पशुपालन, टोक बोथट. पाठपट्टीचं वेगळं रेखाचित्र, बाण काढून. आणि शेवटी एकच विनंती: ना हरकत पत्र कुठल्या नियमाखाली मागितलं आहे, ते कृपया लेखी कळवावं. आवक शिक्का मारून प्रत घेतली. अर्ज द्यायचा तर आवक शिक्क्याशिवाय देऊ नका, हे वर लिहायचं राहिलं.

त्या शेवटच्या ओळीने काम केलं. काही दिवसांत फोन आला, तपासणीला या.

रजेवरचे साहेब आता आले होते. खोकं फोडलं. त्यांनी चाकू हातात घेतला, सगळीकडून फिरवला.

“बटण कुठंय?”

“नाहीये.”

“मग उघडतो कशाने?”

“नखाने.”

त्यांनी प्रयत्न केला. नवा चाकू कडक असतो, नख घसरलं. माझ्या हातात दिला, मी तिन्ही पाती उघडून टेबलावर ठेवला. पट्टीने मापं घेतली, माझ्या तक्त्याशी ताडली. स्पेवर ते थांबले, कागदावरचं काम वाचलं आणि म्हणाले, “आमच्याकडे बैलांना हे चिमट्याने करतात.” साताऱ्याकडचे निघाले. सही झाली. ड्युटी भरली, ती चाकूच्या किमतीच्या मानाने चांगलीच टोचली. ‘भेटवस्तू म्हणून पाठव’ असं विकणाऱ्याला सांगू नका. डिसेंबर २०१९ पासून राखी आणि जीवरक्षक औषधं सोडली तर भेट म्हणून टपाल-कुरिअरने आलेल्या मालाला ड्युटीमाफीची वाट बंद आहे.

व्ही.टी.ला गाडीत बसल्यावर चाकू उघडून बघायचा मोह झाला, पण डब्यात काढला नाही. शहरात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चे मनाई आदेश वरचेवर निघतात. त्या काळात खिशात काय आहे यावरून वाद नको. बिल आणि ड्युटीची पावती चाकूबरोबरच ठेवते.

घरी दोन्ही चाकू शेजारी ठेवले. पाती धारेवरून जुळवू नका, पाठीवरून जुळवा. घासताना झिजते ती धार, पाठ बहुतेक तशीच राहते. नव्या पात्याची पाठ कागदावर पेन्सिलीने काढली आणि जुनं पातं तिच्यावर ठेवलं. मोठं पातं क्लिपच, आत गेलेली रेघ अगदी जुळली, नखाची खाच धारेला लागायला आली होती एवढं घासलेलं. दुसरं शीप्सफूट. तिसरं मात्र स्पे नाही. पाठ टोकापर्यंत सलग उतरत गेलेली, म्हणजे पेन. तर तो स्टॉकमनच, पण पेनवाला. मूठ अजून कळलेली नाही.

आता पेन पात्याचा न झिजलेला नमुना हवा आहे. भाचा डिसेंबरात ह्यूस्टनहून येतोय. चाकू चेक-इन बॅगेत टाकायला सांगितलाय, बिल पाकिटात, आणि कुणी विचारलंच तर दाखवायला तीन चित्रांच्या त्या तक्त्याची प्रत मी त्याला मेल केली आहे.