पितळखोरा राहिला तो राहिलाच

आधीच सांगून टाकते, म्हणजे लेणी बघायला आलेल्यांनी पुढे वाचायची तसदी घेऊ नये. माणशी अकराशे रुपये भरून, पहाटे साडेतीनला उठून, रेनकोट, टोपी, ग्लुकोज पावडर असला सगळा जामानिमा घेऊन मी पितळखोऱ्याला गेले आणि पितळखोरा न बघता परत आले. त्याची चिडचिड चांगली आठवडाभर पुरली.

जायचं कारणही ऐका. काही वर्षांपूर्वी दिल्लीत नॅशनल म्युझियममध्ये एक दगडी यक्ष बघितला होता. ढेरपोट्या, बुटका, दोन्ही हात वर करून डोक्यावर परडीसारखं काहीतरी धरलेला, आणि चेहऱ्यावर असं हसू की जेवण झाल्यावर आमचे मामा हसायचे अगदी तसं. खाली पाटी, पितळखोरा, महाराष्ट्र. दोन हजार वर्षांपूर्वीचा, आणि त्याच्या हातावर घडवणाऱ्याचं नावही कोरलंय, कण्हदास नावाचा सोनार! मला तिथे उभ्या उभ्या लाजच वाटली. पितळखोरा म्हणजे आमच्या चाळीसगावच्या डोक्यावरच की. जळगावात जन्म काढला, पाहुणे आले की अजिंठा, अजून पाहुणे आले की परत अजिंठा, आणि हा यक्ष मात्र दिल्लीला जाऊन भेटला. तेव्हाच ठरवलं होतं की ह्याचं घर बघायचं.

म्हणून श्रावणात मोबाईलवर पोस्टर आलं, 'एक दिवस नॅशनल पार्कमध्ये, पाटणादेवी, पितळखोरा लेणी, धबधबा, वरण-बट्टीचं जेवण', तेव्हा लगेच पैसे भरले. आमच्याकडे नॅशनल पार्क कधी झालं हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. ते गौताळा औट्रमघाट अभयारण्य आहे, 1986 साली जाहीर झालेलं, साधारण 260 चौरस किलोमीटर, थोडं आमच्या जिल्ह्यात आणि बरंचसं डोंगरापलीकडे संभाजीनगरात. पण 'नॅशनल पार्क' म्हटलं की अकराशे घेता येतात, 'अभयारण्य' म्हटलं की लोक आठशे म्हणतात, असं आमच्या ह्यांचं मत. ते आले नाहीत. आई आली.

आई कशी आली ते मलाच अजून कळलेलं नाही. मी फोनवर पाटणादेवी म्हटलं एवढंच. पाटणादेवी म्हणजे चंडिका, तिच्या माहेरची कुलदेवी. सकाळी बघते तर नऊवारी, पायात कॅनव्हासचे बूट आणि हातात ओटीची पिशवी घेऊन दारात उभी. वय अडुसष्ट. म्हटलं आई ट्रेक आहे, डोंगर चढायचाय. म्हणे चढू की.

बस साडेचारची, निघाली साडेपाचला. पाचोरा येईपर्यंत झोप, भडगावला गिरणा ओलांडताना जाग आली, दोन्हीकडे केळी आणि कपाशी, पावसाने नुसती धुऊन काढल्यासारखी. हे सगळं शांतपणे बघावं तर आमच्या टूर लीडरने माईक हातात घेतला. पंचविशीतला मुलगा, गळ्यात शिट्टी, दर वाक्याला 'गाईज'. गाईज अंताक्षरी, गाईज इंट्रोडक्शन. बेचाळीस जणांनी नाव, गाव, छंद सांगितला, आईने छंद 'संधिवात' सांगितला, त्यावर बसमध्ये जो हशा पिकला तेवढाच माझ्या लक्षात राहिला. चाळीसगावात पोहे, गार. स्टेशनजवळ कलाकार केकी मूस यांचं घर आहे, वर्षानुवर्षं त्या घरात काढून माणसाने केवढं काम करून ठेवलंय, फोटो, चित्रं, शिल्पं, मी विचारलं पाच मिनिटं थांबता येईल का, तर 'मॅम, शेड्यूल टाईट आहे'. तासभर उशिरा निघालेलं शेड्यूल आणि म्हणे टाईट.

अभयारण्याच्या नाक्यावर झडती. प्लास्टिक, काडेपेटी, दारू काही आहे का म्हणून गार्ड पिशव्या बघत होता. पोरापोरींच्या सॅका वरवर बघितल्या आणि आईच्या ओटीच्या पिशवीत हात घातला तर बाहेर निघाली एक चपटी काचेची बाटली, आत पिवळं काहीतरी. अख्खी लाईन बघायला लागली. गार्डने बाटली उजेडात धरली, हलवली, मग आईकडे बघितलं. आईचा चेहरा असा की आता ह्याला खाते का गिळते. "देवीना दिवाले तेल शे ते!" एवढ्या मोठ्यांदा ओरडली की माकडं हलली असतील. गार्डने झाकण उघडून वास घेतला, शेंगदाण्याचं तेल, आणि बिचाऱ्याने हात जोडले. ती बाटली आमच्या घरी कशी आली हा प्रश्न मी आईला विचारलेला नाही, विचारणारही नाही.

पाटणादेवीची जागा मात्र खरंच काय आहे. तिन्ही बाजूंनी डोंगराची भिंत, जणू कुणी परातीची कड उचलून धरलीय आणि आपण परातीत उभे, कड्यांवरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा, मधून डोंगरी नदी. ह्याच डोंगरीला आणि तितूरला 2021 च्या ऑगस्टअखेर असा पूर आला होता की चाळीसगावात दुकानंच्या दुकानं वाहून गेली, त्या दिवशी मात्र ती घोट्याएवढ्या पाण्याने खुळखुळत होती.

इथे आम्हाला गावातले दोन वाटाडे मिळाले. एक वयस्कर, एक विशीतला, दोघांच्या अंगात खाकी शर्ट. लीडरने घोषणा केली की गाईज आता डायरेक्ट पितळखोरा, मंदिर परत येताना, दहा मिनिटांत. आईने चढाकडे बघितलं. पायवाट, ओली, शेवाळलेली, सागाच्या पानांनी झाकलेली. मग नदीकाठच्या एका दगडावर पदर झटकून टेकली. "तू जाय, मी आठेच बठस."

आता कबूल करते. मी दहा पावलं गेले होते. खरंच गेले होते. मागे वळून बघितलं तर ती पिशवी मांडीवर घेऊन बसलेली, शेजारी अजून दोन आज्या आणि एक गुडघ्याला पट्टा बांधलेले काका, आणि मी मनातल्या मनात आईला नको ते बोलले, आणि परत आले. बाकी सगळे शिट्टीमागे गेले. तरुण वाटाड्याला आमच्यापाशी ठेवलं, तोही नाराजच दिसत होता, त्यालाही वर जायचं असणार.

अर्धा तास कुणी काही बोललं नाही. मग तोच आईला म्हणाला, "माय, पाय दुखतस का?" आणि आईची कळी खुलली. तुझं गाव कुठलं, आडनाव काय, मामा कोण, दहा मिनिटांत तो आमच्या लांबच्या नात्यात निघाला. मी विचारलं वाघ आहे का इथे, कारण लीडरने बसमध्ये वाघाचं फार केलं होतं. तर म्हणे ताई, बिबटे आहेत, वाघ 2021 मध्ये आला होता, यवतमाळकडच्या टिपेश्वरहून चालत चालत, कॅमेऱ्यात दिसला, त्याच्या आधीचा वाघ आमच्या आजोबांच्या लहानपणचा. "तुमच्या साहेबांनी तिकिटात वाघ लिहिला असेल तर पैसे परत मागा."

देवळात गेलो. गर्दी नाही, श्रावणातला मंगळवार-शुक्रवार नव्हता म्हणून असेल. काळ्या दगडाचं देऊळ, आत गारवा, तेलाचा आणि ओल्या फुलांचा वास. आईने ओटी भरली, नारळ, खण, आणि मग ती बाटली काढली. दिव्यात सरळ बाटलीने ओतायला लागली तर पुजाऱ्यांनी थांबवलं आणि पितळी पळी पुढे केली. एक पळी, दुसरी पळी, आईचा हात थरथरतो आजकाल, तिसरी अर्धी बाहेर सांडली.

ह्या देवळात एक जुना शिलालेख आहे, मी तोपर्यंत भिंतीजवळ जाऊन तो शोधत होते. दिसला. म्हणजे दगड दिसला. काळा, तेलकट, त्यावर नुसते ओरखडे. मी मोबाईलचा टॉर्च लावला, काही नाही, सपाट उजेड. तो वाटाड्या पोरगा मागून आला, "ताई, समोरून नका मारू, आडवा धरा." माझा मोबाईल घेतला आणि दगडाच्या कडेला अगदी चिकटवून धरला, उजेड भिंतीवरून सरपटत गेला आणि एकदम सगळ्या ओळी वर आल्या. खरंच वर आल्या. प्रत्येक अक्षराला एका बाजूने काळी सावली, जणू मुंग्यांच्या रांगा शिस्तीत थांबल्यात. टॉर्च जरा सरळ केला की गायब, आडवा केला की हजर. मी तीन-चार वेळा ते करून बघितलं, लहान मुलांसारखं.

आई आली. "आठे काय लिखेल शे रे भाऊ?"

आणि त्याने सांगितलं. चालीत, पाठ असल्यासारखं, पण कंटाळून नाही. हा शके 1128 चा लेख, म्हणजे आठशे वर्षांहून जुना. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, तो यादवांच्या सिंघण राजाचा ज्योतिषी, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला, सिद्धांतशिरोमणी वगैरे. इथले राजे निकुंभ, यादवांचे मांडलिक, त्यांनी मठाला दान दिलं, आणि दिलं कधी तर श्रावण पौर्णिमेला, चंद्रग्रहण चालू असताना. ग्रहणाचं गणित शिकवणाऱ्या मठाला ग्रहणातच दान! भास्कराचार्यांचं गाव विज्जलवीड, ते नेमकं कुठलं ह्यावर विद्वानांची भांडणं आहेत, आमच्याकडचे अर्थात इथलं पाटणच म्हणतात, मीही तेच म्हणते, जळगावची आहे म्हणून.

"आणि हे खालचं," त्याने टॉर्च शेवटच्या ओळींवर आणला, "वरचं संस्कृत आहे, हे खालचं मराठी. आपलं." पाटणच्या बाजारात जो माल येईल त्यावरचा कर मठाला. आणि गावात जेवढे तेलाचे घाणे चालतात, त्या प्रत्येक घाण्यामागे मठाला पळी पळी तेल.

मी म्हटलं, काय? परत सांग. "पळी पळी तेला. असंच कोरलंय."

आईच्या हाताला अजून तेल होतं, पदराला पुसत होती. तिने विचारलं, तेल कशाला लागायचं मठाला? पोरगा म्हणाला माय, रात्री वाचायला. दिवा नको का? आकाश रात्रीच बघायचं ना त्यांना. हे त्याचं स्वतःचं असणार, शिलालेखात असं काही नसावं. पण आई चौथी पास, कंदिलाखाली शिकलेली, तिला ते लगेच पटलं. तिने बोट पुढे केलं आणि दगडाला न लावता अक्षरांवरून हवेतच फिरवत नेलं, ओठ हलवत. बराच वेळ. मग थांबली. "हाऊ म शे." पोराने वाकून बघितलं. म होता. मग तिने अजून एक त शोधला, एक ग शोधला, आणि मोबाईलची बॅटरी सतरा टक्क्यांवर आली तरी आमचं चालूच. गुडघेपट्टावाले काका, जे सकाळपासून कुणाशी बोलले नव्हते, ते म्हणाले जरा इकडे धरा, हा ल आहे बहुतेक. मोडी वाचायचे म्हणे नोकरीत, रेकॉर्डला होते.

मंडळी अडीचला आली, चिखलाने माखून, खूश. हत्तींची रांग आहे, दारावर भालेवाले द्वारपाल आहेत, शेजारी धबधबा कोसळतो, खांबांवर रंगीत चित्रंसुद्धा टिकलीत, सगळं दाखवलं मला मोबाईलमध्ये, बहुतेक फोटोंत हत्तींच्या पुढे स्वतःच उभे. यक्ष कुठे सापडला ती जागा विचारली तर कोणता यक्ष? जाऊ दे.

वरण-बट्टी साडेतीनला मिळाली. बट्ट्या आतून कच्च्या. खानदेशात राहून बट्टी कच्ची वाढायची म्हणजे हद्द झाली, त्यापेक्षा पाव द्या, कुणी काही म्हणणार नाही. वांग्याची घोटलेली भाजी तेवढी झणझणीत होती म्हणून निभावलं. देवळासाठी मग दहा मिनिटं उरली होती, ती चपला काढण्यात आणि ग्रुप फोटोत गेली. मी लीडरला म्हटलं शिलालेख तरी दाखव ह्यांना, टॉर्च आडवा धरून. तो म्हणाला, मॅम, पीडीएफ टाकतो ग्रुपवर. पीडीएफ अजून आलेली नाही. फोटो आले तीनशे बारा.

त्या पोराला मी शंभर रुपये द्यायला गेले तर घेईना, आईने दिले तर घेतले, वर पाया पडला. आई त्याला म्हणाली लग्न ठरलं की कळव.

परतताना नाक्यावर तोच गार्ड उभा होता. बस हळू झाली. आईने खिडकीची काच सरकवली, पिशवीतून ती चपटी बाटली काढली आणि उलटी करून त्याला दाखवली, रिकामी.