आरोपी की मुद्देमाल?

लॉ कॉलेजच्या कुठल्याशा प्रोजेक्टसाठी भाच्याने ‘आमिस्ताद’ लावला, तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. कोर्टाचे सिनेमे मी टाळतेच. जिल्हा कोर्टात ३१ वर्षं स्टेनो म्हणून काढली. पडद्यावरचा वकील टेबलावर मूठ आपटायला लागला की मला हसू येतं. आमच्याकडे अशी मूठ आपटली असती तर टेबलाचा पाय निघून आला असता.

पण हा सिनेमा सुरू होतो तो काळोखात, एका माणसाच्या बोटांवर. लाकडात रुतलेला खिळा तो नखांनी उकरतोय. बोटं रक्ताने निसरडी झालीत, तरी तो थांबत नाही. बाहेर वादळ. माझी मेथी तिथेच राहिली.

गोष्ट १८३९ची. आफ्रिकेतून, आजच्या सिएरा लिओनच्या भागातून, पळवून आणलेली ५३ माणसं हवानाच्या बाजारात रुईझ आणि मोंतेझ या दोघांनी विकत घेतली आणि क्यूबातल्याच दुसऱ्या बंदराकडे न्यायला ‘आमिस्ताद’ जहाजावर चढवली. नावाचा अर्थ मैत्री! वाटेत बंड झालं. कप्तान आणि खानसामा मारले गेले. रुईझ-मोंतेझना जिवंत ठेवलं, जहाज आफ्रिकेकडे न्या म्हणून. दिवसा ते उगवतीकडे न्यायचे आणि रात्री गुपचूप दिशा फिरवायचे. अशी दोनेक महिने फरफट होऊन जहाज न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडला लागलं आणि अमेरिकन नौदलाने ते धरलं.

मग दावे पडले. धरणाऱ्या लेफ्टनंटने जहाज आणि माल वाचवल्याचं बक्षीस मागितलं आणि मालात माणसंही धरली. रुईझ-मोंतेझ म्हणाले, आमचे गुलाम आम्हाला द्या. स्पेनचं सरकार म्हणालं, आमच्या हवाली करा. तुरुंगात मात्र ती माणसं खुनाच्या आरोपाखाली. भाच्याने सिनेमा थांबवून विचारलं, “मावशी, म्हणजे हे आरोपी की मुद्देमाल?” पोरगा शिकतोय म्हणायचा.

आमच्या कोर्टातली मुद्देमालाची खोली मला डोळ्यांसमोर आली. कुऱ्हाडी, रक्ताने कडक झालेले सदरे, लाखेचं सील, सुतळीला बांधलेली चिठ्ठी आणि तिच्यावर गुन्हा क्रमांक. जिवंत मुद्देमाल मी एकदाच पाहिला. कोंबडबाजारावरच्या धाडीत धरलेले दोन झुंजीचे कोंबडे, व्हरांड्यात पायाला सुतळी बांधून ठेवलेले. पंचनाम्यात त्यांचे रंग होते, अंदाजे किंमत होती. ‘आमिस्ताद’वरच्या माणसांचे कागद असेच, फक्त त्यांत प्रत्येकाला एक स्पॅनिश नावही चिकटवलेलं. बंडाचा म्होरक्या सेंगबे पिए त्याच वाटेने ‘सिंके’ झाला आणि इतिहासात तसाच राहिला.

कागदांवर त्यांना ‘लादिनो’ म्हटलं होतं, म्हणजे क्यूबात आधीपासून राहिलेले. ही मेख साधी नाही. आफ्रिकेतून नवे गुलाम आणायला स्पेनने स्वतःच ब्रिटनशी १८१७ साली करार करून १८२०पासून बंदी घातली होती. जुने म्हणून दाखवले की व्यवहार कायदेशीर. पण त्या ५३ जणांत चार लहान मुलं होती. १८२०च्या आधी त्यांचा जन्मसुद्धा झालेला नव्हता! आणि त्यांच्यातल्या कुणालाच स्पॅनिश येत नव्हतं. कागद टाइप करणाऱ्या बाईला अशी विसंगती दिसली की तिचा हात थांबतो. हवानातल्या कारकुनाचा थांबला नाही, किंवा थांबवू दिला गेला नाही.

सगळा खटला अडला होता तो भाषेवर. येल विद्यापीठातले प्राध्यापक जोसाया गिब्ज तुरुंगात गेले, एकेक बोट वर करत त्या लोकांकडून मेंडे भाषेतले एक ते दहा आकडे शिकले आणि मग न्यूयॉर्कच्या धक्क्यांवर ते आकडे मोठ्याने म्हणत फिरले. कोणीतरी मान वळवेल या आशेवर! ब्रिटिश जहाजावरच्या जेम्स कव्ही नावाच्या तरुण खलाशाने ती वळवली. तोही लहानपणी पळवलेला. तोच मग त्यांचा दुभाषी झाला. सिनेमाने हे श्रेय गिब्जकडून काढून या माणसांचा वकील बॉल्डविन आणि जोडसन यांना दिलंय. त्यातला जोडसन तर मुळात काल्पनिक पात्र. मला ते आवडलं नाही, पण प्रसंग झालाय सुंदर. गर्दीत दोन कोट-टोपीवाले वेड्यासारखे आकडे ओरडत चाललेत आणि लोक अंग चोरून बाजूला होतायत.

इथे मला माझी एक साक्ष आठवली. सांगायची नव्हती, पण सांगते. साक्षीदार म्हातारा होता, माडिया सोडून दुसरी भाषा येत नव्हती. दुभाषी नेमलेला नव्हता, म्हणून त्याच भागात सासुरवाडी असलेल्या शिपायाला उभं केलं. म्हातारा दोन-तीन मिनिटं बोलला. हाताने नाला दाखवला, झाड दाखवलं, कोणीतरी पळाल्याचं दाखवलं. शिपाई म्हणाला, “मला माहीत नाही म्हणतो, साहेब.” आमच्याकडे साक्षीदार बोलतो, साहेब सांगतात, स्टेनो टाइप करतो. साहेबांनी सांगितलं, “मला माहीत नाही.” मी टाइप केलं. म्हाताऱ्याने खाली अंगठा उठवला.

म्हणून कव्हीचा एक प्रसंग मी मागे नेऊन पुन्हा पाहिला. खालच्या कोर्टात जिंकूनही खटला वर जाणार, हे बॉल्डविन सिंकेला समजावतोय. निकाल लागला की सुटायला ‘पाहिजे’, असं काहीतरी. कव्ही अडतो. म्हणतो, हा शब्द आमच्या भाषेत नाही. एखादी गोष्ट तुम्ही करता, नाहीतर करत नाही. कोर्टाचं अर्धं कामकाज त्या ‘पाहिजे’वर चालतं हो!

दुसरा प्रसंग वजनाचा. ब्रिटिश नौदलाचा कप्तान साक्षीला उभा आहे. आफ्रिकेतून त्यांना आणणाऱ्या जहाजाच्या हिशेबात मालाचं वजन मध्येच कमी झालंय. आकडा काय सांगतो, हे तो शांतपणे उलगडतो: माणसं समुद्रात फेकली. बस. एवढीच नोंद, वजनाची.

शेवटी सुप्रीम कोर्ट. अँथनी हॉपकिन्स म्हणजे माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स, या माणसांच्या बाजूने पुतळ्यांमधून फिरत भाषण करतो आणि मागे वाद्यवृंद चढत जातो. मला जरा जास्तच वाटलं. खरा अॅडम्स तेव्हा ७३ वर्षांचा. दोन दिवसांत मिळून साडेआठ तास बोलला, आणि त्या दोन दिवसांच्या मध्ये एक न्यायमूर्ती वारले म्हणून कामकाज थांबलं होतं. साडेआठ तास! माझ्या मनात आधी लिहून घेणाऱ्याची बोटं आली. सिंके तिथे नव्हताच, तो दूर कनेक्टिकटमध्ये कोठडीत होता. न्यायमूर्ती स्टोरींचा निकाल वाचणारा नट मात्र नट नाही, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातून निवृत्त झालेले हॅरी ब्लॅकमन आहेत. ते वाचतातही तसेच, काही न दाखवता. निकाल असाच वाचतात.

त्यांच्यातल्याच काले नावाच्या मुलाने इंग्रजी शिकून १८४१च्या जानेवारीत अॅडम्सना पत्र लिहिलं होतं, आम्हाला मोकळं करा एवढंच हवंय म्हणून. मला भाषणाऐवजी ते पत्र चाललं असतं.

९ मार्च १८४१ला सगळे सुटले. वाचलेले ३५ जण वर्गणीच्या पैशांवर १८४२च्या जानेवारीत सिएरा लिओनला पोहोचले. सरकारने परतीचं भाडं दिलं नाही.

पण हा निकाल गुलामगिरीविरुद्ध नव्हता. ही माणसं गुलाम नव्हतीच, एवढंच कोर्ट म्हणालं. त्याच जहाजावर अंतोनियो नावाचा पोरगा होता, मेलेल्या कप्तानाचा गुलाम. त्याचे कागद खरे होते. म्हणून त्याला कप्तानाच्या वारसांकडे क्यूबाला परत पाठवायचं ठरलं. गुलामगिरी मोडायला निघालेल्या मंडळींनी त्याला गुपचूप माँट्रियलला पोहोचवलं.

भाच्याने विचारलं, “हे कोर्टाच्या भाषेत कसं लिहायचं, मावशी?”

मी म्हटलं, “मुद्देमाल गहाळ.” आणि मेथी घेऊन आत गेले.