शॅकल्टनच्या काठावर शस्त्रं घेऊन एकोणीस दिवस

चंद्रावर उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी रायफलीची दुर्बीण धुरकट झाली. इथे हवा नाही, दमटपणा नाही, मग काचेवर धुकं आलं कुठून? ते माझंच तेल होतं. निघताना हाताच्या सवयीने मी बोल्टला, म्हणजे गोळी आत ढकलणाऱ्या सरकत्या भागाला, नेहमीचं बंदुकीचं तेल लावलं होतं. निर्वातात ते उडतं आणि शेजारच्या थंड काचेवर जाऊन बसतं. त्यावर धूळ बसली की दुर्बीण गेलीच. मागून येणाऱ्या तुकडीला म्हणून हे आधी सांगतो. प्रत्येक हत्यार पूर्ण उघडा, तेलाचा थेंबही राहू देऊ नका आणि मोलिब्डेनम डायसल्फाइडची कोरडी पूड चोळा. नुसतं कोरडं ठेवूनही भागत नाही. पृथ्वीवर धातूवर ऑक्साइडचा बारीक थर असतो. तो घासून गेला की इथे पुन्हा धरत नाही, आणि उघडा धातू उघड्या धातूला चिकटून बसतो.

आम्ही सहा जण होतो. चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर, शॅकल्टन विवराच्या काठावरच्या बर्फ काढणाऱ्या ठाण्याची राखण करायची होती. बरोबर चार रायफली, एक लेसर, विजेच्या जोरावर गोळा फेकणारी एक रेलगन आणि हातबॉम्बची एक पेटी. शस्त्रांची जबाबदारी माझ्याकडे होती. वाचायला मात्र कोणाचाच अनुभव नव्हता. १९६७च्या अंतराळ कराराने चंद्रावर लष्करी तळ उभारायला आणि शस्त्रांच्या चाचण्या घ्यायला बंदी घातली होती. तो करार मोडीत निघाल्यावर पहिल्यांदा निघालेले आम्हीच. सोव्हिएत सॅल्युत-३ या अंतराळ स्थानकावर २३ मिलिमीटरची तोफ होती आणि १९७५च्या जानेवारीत ती झाडून पाहिली होती, पण तेव्हा स्थानकावर माणूस नव्हता. नेम धरायचा तर अख्खं स्थानकच वळवावं लागे.

रायफल इथे उडते का, हे सगळे विचारतात. उडते. बंदुकीच्या दारूत जळायला लागणारा ऑक्सिजन दारूतच असतो. अडचण नेम धरण्यात आहे. हेल्मेटमुळे गाल दस्त्याला टेकत नाही, त्यामुळे डोळा दुर्बिणीच्या रेषेत येतच नाही. दुर्बिणीतलं चित्र हेल्मेटच्या काचेवर दिसेल अशी सोय निघण्याआधी करून घ्या. हातमोज्यात हवेचा दाब असतो, एकेक बोट वाकवायला जोर लागतो, आणि चापाच्या कड्यात ते बोट मावतही नाही. आम्ही कडी कापून काढली आणि चापाला लांब पट्टी जोडली.

पृथ्वीवर ३०० मीटरला साधलेली रायफल इथे हातभर वर लागते. गुरुत्व सहावा हिस्सा आणि हवेची अडवणूक शून्य, म्हणून गोळी तेवढ्या अंतरात जेमतेम नऊ-दहा सेंटिमीटर पडते. पहिल्याच दिवशी नव्याने साधून घ्या. धक्क्याची भीती मात्र फुकट बाळगली होती. एकेक गोळी मारली तर काही वाटत नाही. सलग दहा मारल्या की तोल जातो, कारण सूटसकट वस्तुमान तेवढंच असलं तरी पायांखाली पकड नसते. गुडघा टेकवूनच मारा.

गोळी चुकली तर कुठे जाते, हा विचार मला अजून सोडत नाही. सेकंदाला ९०० मीटरने निघालेली गोळी तिरकी वर गेली, तर ५०० किलोमीटरच्याही पुढे जाऊन पडते, तेही सुटली त्याच वेगाने. रेलगनचं याहून वाईट. सेकंदाला १.६८ किलोमीटरचा वेग आडवा मिळाला की गोळा चंद्राला प्रदक्षिणा घालायला लागतो, आणि वाटेत डोंगर आडवा आला नाही तर पावणेदोन तासांनी पाठीमागून येतो. आम्ही तिचा वेग १.५वर बांधला आणि कुलूप घातलं. हे कुलूप काढू नका, वरून हुकूम आला तरी आधी हिशेब मागा.

हातबॉम्ब नेऊच नका. हवेशिवाय स्फोटाची लाट नसते, म्हणजे मार करतात त्या फक्त ठिकऱ्या, आणि त्यांना थांबवायला काहीच नाही. सूटमधून फेकून फेकून किती लांब फेकणार? पेटी आम्ही न उघडता परत आणली.

सातव्या दिवशी सरावात आमच्यातल्या सगळ्यांत तरुण जवानाने तीन मॅगझिन सलग रिकामी केली आणि रायफल एका खडकाच्या सावलीत उभी केली. म्हणाला, "या गारठ्यात पाच मिनिटांत गार होईल." पंधरा मिनिटांनी मी मोजलं तर नळी शंभर अंशांच्या वर होती. सावली कितीही थंड असो, उष्णता वाहून न्यायला हवा नाही. ती फक्त प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपाने जाते, हळूहळू. नळी याहून बरीच जास्त तापलेली असताना गोळी भरून ठेवली तर आपोआप उडू शकते. वीस गोळ्यांनंतर हत्यार बदला, आणि तापलेल्याचा बोल्ट उघडा ठेवा.

लेसर सर्वांत कामाचा ठरला, पण मारायला नव्हे. १० सेंटिमीटरच्या आरशातून निघालेला झोत १० किलोमीटरवर वीतभर पसरतो. समोरच्या यंत्रांचे कॅमेरे आंधळे करायला तेवढं पुरतं. बॅटरीचा बराच भाग उष्णता होऊन रेडिएटरवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्यावर चढतो, म्हणून दोन झोतांमध्ये थांबावं लागतं. काचेवर धुळीचा एक कण राहिला तरी तो तिथेच जळून डाग पाडतो.

ध्रुवावर सूर्य क्षितिजापासून फार तर दीड अंश वर येतो. सूर्याच्या दिशेला काहीच दिसत नाही, आणि उभ्या माणसाची सावली सत्तर मीटरच्या पुढे जाते. तुम्ही खडकाआड असलात तरी सावली बाहेर असते. आवाज नसल्यामुळे गोळी कुठून आली तेही कळत नाही. जमिनीत कंपनं टिपणारे संवेदक पुरा. आम्ही चार पुरले होते, आठ हवे होते.

परत आत शिरताना एक सांभाळा. अपोलोचे अंतराळवीर सांगत की चांद्रधुळीला उडालेल्या दारूसारखा वास येतो. अगदी तसाच येतो. दार बंद होऊन हवा भरली की बंदूक नुकती झाडली की नाही, हे वासावरून ओळखता येत नाही. चेंबर, म्हणजे नळीतली गोळी बसते ती जागा, उघडा आणि आत दिवा धरून बघा.