किती विद्यार्थी ख्रिस्ताकडे आले?

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमध्ये ख्रिस्ती सेवा करणाऱ्या माझ्यासारखीला मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, हितचिंतक आणि मंडळीबाहेरचे साशंक लोक एकच प्रश्न विचारतात, फक्त सूर निराळा असतो: यंदा किती विद्यार्थी ख्रिस्ताकडे आले? एकांना आकडा मोठा हवा असतो, दुसऱ्यांना तो मोठा निघेल याची धास्ती असते, आणि माझे उत्तर दोघांनाही टाळाटाळीचे वाटते. तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

मला आकड्यांचे वावडे आहे असे समजू नका. सेवेत आले तेव्हा अमेरिकेतल्या माउंट हर्मन येथील १८८६ सालच्या उन्हाळी शिबिराची हकिकत मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगत असे. त्या शिबिराच्या अखेरीस १०० विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनकार्याला वाहून घेण्याची तयारी दाखवली. त्यांच्यातलाच एक, जॉन मॉट, १८९५ साली जागतिक विद्यार्थी ख्रिस्ती महासंघाच्या स्थापनेत अग्रभागी होता आणि १९४६ साली नोबेल शांतता पुरस्काराचा मानकरी ठरला. ती हकिकत आजही मला उभारी देते. पण आता ती सांगताना, त्या शिबिराला आलेल्या आणि नाव न दिलेल्या मुलांचे पुढे काय झाले असेल, हा विचार मनातून जात नाही.

त्याला कारण एक विद्यार्थी आहे. आमचा बायबल अभ्यास तोच चालवीत असे. धाकटा भाऊ वारल्यानंतरही त्याने एकही आठवडा चुकवला नाही आणि आम्ही सर्वांनी त्याच्या विश्वासाचे कौतुक केले. एका संध्याकाळी बायबलातले ८८ वे स्तोत्र वाचायचे होते. विलापाची इतर स्तोत्रे बहुधा शेवटी आशेकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपते. वाचून झाल्यावर त्याने शेवटच्या ओळीवरचे बोट तसेच ठेवले आणि म्हणाला, “ताई, हे लिहिणारा निदान देवाशी भांडतोय तरी. मी कुणाशी बोलतोय, तेच मला कळेनासं झालंय.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. पाठ असलेली उत्तरे जिभेवर होती; मी त्यांतले एकही दिले नाही. बायबलातल्या, संकटांमागून संकटे सोसणाऱ्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने जमिनीवर बसून होते, तोवर त्यांचे काही बिघडले नव्हते. बिघडले ते तोंड उघडल्यावर. बाकीची मुले गेल्यानंतर आम्ही दोघे बराच वेळ बसलो. भावाचा मोबाइल तो अजून रोज चार्ज करून ठेवत होता. तो फोन त्याने मला दाखवला आणि घरी यातले काही सांगू नका, अशी विनंती केली.

पुढे त्याचे वडील भेटायला आले. मंडळीत त्यांचा मोठा मान. “तो विश्वासात आहे ना, एवढंच सांगा,” असे ते म्हणाले. ते त्यालाच विचारावे लागेल, असे मी सांगितले, तेव्हा ते उभे राहिले आणि म्हणाले, “मग तुम्हाला तिथे ठेवलंय कशासाठी?” त्यांनी आमच्या कामाला देणगी देणे थांबवले. दुखावलेल्या बापाला मी दोष देत नाही, पण त्याच्या मुलाचे गुपित त्याच्या हाती देण्याचा अधिकार मला कुणी दिला होता?

माझ्या मनातली ती जुनी, हकिकती सांगणारी सेविका मात्र अजून ऐकत नाही. ती म्हणते, ख्रिस्त हाच आधार आहे असे तू मानतेस, तर बुडणाऱ्याजवळ गप्प कशी बसलीस? मी म्हणते, त्याला आधी कुणीतरी ऐकून घेणे भाग होते. ती विचारते, आणि नंतर? नंतर त्याने अभ्यासाला येणे सोडले. आता कधीमधी फोन येतो, नोकरीच्या गोष्टी निघतात, श्रद्धेचा विषय तो काढत नाही आणि मीही काढत नाही. हा त्याचा मान राखणे आहे की माझे भित्रेपण, यावर आमचे दोघींचे एकमत झालेले नाही. त्याने परत यावे, येशूला हाक मारावी, असे मला मनापासून वाटते आणि तसे मी रोज मागते.

अभ्यासाला किती येतात, शिबिराला किती आले, बाप्तिस्मा कितींनी घेतला, हे वार्षिक अहवालात लिहिलेले असते. ते जरूर वाचा. पण एखाद्या मुलाचे नाव घेऊन तो विश्वासात आहे का, असे विचारलेत, तर मी सांगणार नाही, मग विचारणारे त्याचे वडील असोत, मंडळीचे पाळक असोत की तुम्ही.