दार आपटा, गाणं ऐका

आमच्या गाडीचा पुढचा डावा स्पीकर मधेमधे बंद पडतो हे घरात बरेच दिवस फक्त मला आणि लेकीला मान्य होतं. बाबा म्हणायचे मस्त वाजतंय की, आणि गंमत म्हणजे ते बसायचे त्याच दाराला चिकटून. त्यांचंही बरोबर होतं म्हणा, कारण त्यांच्या पेनड्राईव्हमध्ये सगळं जुनं नाट्यसंगीत आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या रेकॉर्डी. खाँसाहेब गेले १९३७ साली, स्टिरिओ रेकॉर्डी दुकानात मिळायला लागल्या १९५८ च्या आसपास, म्हणजे त्या आवाजात डावं-उजवं हा प्रकारच नाही, दोन्हीकडून तेच येतं, एक बाजू गेली तर गाणं जरा उजवीकडं सरकतं एवढंच. लेकीनं मोबाईल जोडला की खरी मजा, गिटार गायब, कोरस गायब, एखाद्या गाण्याची सुरुवातच डाव्या बाजूला ठेवलेली असली तर गाणं लागलंय का नाही तेच कळायचं नाही. ती म्हणायची पप्पा, स्पीकर गेला. बाबा म्हणायचे, तुमची गाणीच तसली.

त्यातून एक दिवस कुणाच्या तरी लक्षात आलं की दार जोरात आपटलं की चालू होतो. झालं! सांगलीत विश्रामबागला सिग्नलला थांबलो की बाबा स्वतःच दार उघडून धाडकन लावायचे, मागचा बाईकवाला दचकायचा, आणि आमच्याकडं तंबोरा सुरू.

मला विचाराल तर कंपनीच्या स्टिरिओत सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे बॅलन्स (आवाज डावीकडं-उजवीकडं) आणि फेडर (पुढं-मागं), आणि गाडी विकेपर्यंत बहुतेक लोक त्याला हात लावत नाहीत. आवाज सगळा डावीकडं आणि पुढं ढकलायचा, मग एकच दार बोलतं, बाकी गप्प. असं एकेक कोपरा फिरून आलं की निदान कुठलं दार नाटक करतंय ते कळतं. स्टिरिओ बाहेर काढायची तयारी असेल तर मागं कपलरवर, म्हणजे वायरी जोडतात त्या पिनांच्या खटक्यावर, डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी आपसात बदलून बघायच्या. फॉल्ट उजवीकडं गेला तर दोष स्टिरिओत, डावीकडंच राहिला तर वायर नाहीतर स्पीकर. इतकं सोपं आहे. अट एकच, बदलून बघता त्या वेळी फॉल्ट हजर पाहिजे, आणि हा पाहुणा बोलावून कधी येत नाही.

सर्व्हिस सेंटरला नेली तेव्हा अर्थातच ठणठणीत वाजत होता. तिथला पोरगा चांगला होता, पण त्याच्या कॉम्प्युटरवर फॉल्टच दिसत नाही म्हटल्यावर तो तरी काय करणार, म्हणाला स्पीकर बदलून बघू, नाहीच झालं तर स्टिरिओ बदलून बघू. बदलून बघू म्हणजे अंदाज त्यांनी करायचा आणि पैसे आपण भरायचे. मी गाडी काढली आणि शंभर फुटी रस्त्यावर गॅरेजांकडं आलो. सांगलीत गाडीचं काहीही बिघडलं तरी माणूस शेवटी शंभर फुटीवरच येतो.

तिथले मिस्त्री वयस्कर, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. त्यांनी स्टिरिओला हातसुद्धा लावला नाही, नुसते प्रश्न. "गाडी तापल्यावर जातोय का? खड्ड्यात जातोय? पावसात? आवाज मोठा केला की येतोय का?" मला आधी वाटलं टाईमपास चाललाय, पण प्रत्येक प्रश्नामागं हिशोब होता. तापल्यावर जात असेल तर स्टिरिओच्या आत कुठंतरी सोल्डरला बारीक तडा असतो, गरम झालं की फाकतो, गार झालं की परत टेकतो. खड्ड्यात जात असेल तर कपलर ढिला. आवाज मोठा केल्यावर येत असेल तर पिनेवर गंज चढलेला, बारीक आवाजाचा करंट त्यातनं पार होत नाही, मोठा होतो. आणि पावसाचं म्हणाल तर दाराच्या आत पाणी जातंच, काचेच्या फटीतनं उतरतं आणि खालच्या भोकांतनं निघून जातं, गाडी बनवणाऱ्यांनी तशीच सोय केलेली असते. पण ती भोकं मातीनं बुजली, किंवा दाराला आतनं लावलेल्या पॅडच्या मागचा प्लास्टिकचा कागद कुणीतरी फाडून ठेवला, की स्पीकरची पिन हिरवी पडलीच समजा. हिरव्या पिनांबद्दल सांगलीतल्या मिस्त्र्यांना वेगळं शिकवावं लागत नाही, २००५ ला आणि परत २०१९ ला पूर आला, दुसऱ्या वेळी तर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. जुनी गाडी घेताना हे लोक आधी सीटखालचे कपलर उघडून बघतात ते उगाच नाही.

मी आपलं सांगितलं की तसलं काही नाही, दार आपटलं की चालू होतो. मिस्त्री हसले. "मग सांगायचं की आधी. दार आपटल्यावर हुतंय म्हणजे दारातच हाय."

मग त्यांनी गाणं लावलं, आवाज डाव्या पुढच्या दारात ढकलला, आणि दार सावकाश उघडत गेले, इंच इंच. अर्ध्यापर्यंत गाणं. थोडं पुढं, खरखर. अजून पुढं, बंद. परत मागं आणलं, चालू. बिजागरीपाशी बॉडीतनं दारात जाणारी रबराची नळी असते बघा, स्पीकरच्या, काचेच्या, लॉकच्या सगळ्या वायरी तिच्यातनं जातात. दार उघडलं-लावलं की दर वेळी त्या वाकतात आणि सरळ होतात, वर्षानुवर्षं. वरचं प्लास्टिक शाबूत दिसतं आणि आतल्या तांब्याच्या तारा एकेक करून तुटत जातात, शेवटी दोन टोकं नुसती एकमेकांना टेकून असतात. आपटलं की टेकतात. बाबांचा इलाज चालत होता तो यामुळं, आणि दर आपटण्याला उरलेल्या तारांचं आयुष्य कमी होत होतं तेही यामुळंच.

मी विचारलं की कधीकधी चारही दारं गप्प व्हायची ती का? त्याचं उत्तर मला फार आवडलं. घरच्या जुन्या ॲम्प्लिफायरला स्पीकरची एक वायर बहुतेक अर्थला असते, गाडीत तसं नसतं. बॅटरी बाराच व्होल्टची, तेवढ्यात आवाज काढायचा म्हणून स्पीकरच्या दोन्ही वायरी जिवंत ठेवतात, एक वर ढकलते तेव्हा दुसरी खाली ओढते, त्यानं जवळजवळ चौपट ताकद मिळते. पण मग त्यातली कुठलीही एक वायर बॉडीला टेकली की स्टिरिओतला आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी चिप, जीव वाचवायला स्वतःला बंद करून घेतो, आणि एका दारापायी चारही गप्प. आमच्या नळीत एका वायरचं प्लास्टिकही तडकलेलं निघालं.

स्पीकर निर्दोष होता. पॅड काढायच्या आधी मिस्त्रींनी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवली, पिवळ्या कपलरला हात लावायचा नाही म्हणाले, ती एअरबॅगची लाईन. मग पेन्सिल सेल घेतला आणि स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवला, ठप्प करून आवाज आला, स्पीकरचा पडदा हलला. मीटरवर साडेतीन ओहमच्या आसपास, चार ओहमच्या स्पीकरला तेवढंच येतं. बाबा हे सगळं बाजूला खुर्चीवर बसून बघत होते, त्यांनी मधेच विचारलं की ती खरखर तेवढी ठेवता येत नाही का, मिरजेत तंबोऱ्याची घोडी घासघासून मुद्दाम जवारी, म्हणजे तारेचा तो झणझणता नाद, काढतात, तुम्ही आयती आलेली घालवताय. मिस्त्री म्हणाले, आजोबा, जवारी एकसारखी वाजत ऱ्हाती, ही मधीच जातीया.

तुटका तुकडा काढून त्यांनी बारीक तारांची मऊ वायर टाकली, थोडी सैल, आणि सोल्डर नळीच्या आत न करता एक जोड दारात आणि एक डॅशबोर्डखाली घेतला, कारण सोल्डर केलेली जागा कडक होते आणि वाकली की तिच्या कडेलाच तुटते.

पैसे देताना मी विचारलं की ड्रायव्हरचं दार तर जास्त वेळा उघडतं, मग डावंच आधी का गेलं? त्यांचं म्हणणं असं की ड्रायव्हर ट्रॅफिकच्या भीतीनं दार अर्धंच उघडतो, डावीकडची माणसं पार शेवटपर्यंत ताणतात. मग उजव्या नळीवर बोट दाबून म्हणाले, हिचंबी आज करून टाकू का, हितं कडक लागतंय. बाबा गाडीत बसत बसत म्हणाले, नको, वाजतंय तोवर वाजू दे, आणि दार धाडकन लावलं.